टिल्डन बेंडची हजेरी

लोरीन स्टकीनं चर्चच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहून डोक्यावरचा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधला आणि पहिलं नाव घेतलं.

"प्लेट!"

"एक!" समोरच्या घडीच्या खुर्चीतून म्हातारा व्हर्जिल प्लेट ओरडला. "आणि तोही अर्धामुर्धा. गुडघे घरीच ठेवून आलोय."

माणसं हसली. लोरीनचा मुलगा ड्वेन मात्र हसला नाही. पाण्याची टाकी बसवलेल्या पिकअपला टेकून तो उभा होता, पायाशी तेलाची मशाल, आणि डोळे सारखे खांबावरच्या झेंड्याकडे. झेंडा उत्तरेकडे फडकत होता. तो तसाच फडकत राहील तोवर सगळं ठीक होतं.

"आई, जरा उरक ना. संध्याकाळी वारा फिरणार म्हणतायत."

"हजेरी उरकायची नसते," लोरीन म्हणाली. "वीन्स!"

"चार!" रोझेला वीन्सनं उत्तर दिलं. तिच्या हातातल्या ट्रेवर कोबी आणि खिमा भरलेले गरम पाव होते, आणि ते निवण्याआधी हजेरी संपावी असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

टिल्डन बेंडला गाव म्हणायचं ते इथल्यांनीच. सरकारच्या लेखी ते कधी गाव नव्हतंच. नगरपालिका नाही, महापौर नाही, हद्दसुद्धा नाही. कॅन्ससच्या फ्लिंट टेकड्यांमधून जाणाऱ्या रस्त्याला एक हिरवी पाटी, तिच्यावर नाव, आणि पाटी वाचून होईतो गाव मागं पडलेलं. एके काळी इथं रेल्वे थांबायची, गुरं डब्यांत चढायची, दोन दुकानं होती, शाळा होती, टपाल कचेरी होती आणि एकमेकांशी वर्षभर अबोला धरता येईल इतकी माणसं होती. मग रेल्वेनं पाठ फिरवली. पाठोपाठ टपाल गेलं, शाळा गेली, आणि जनगणनेवाल्यांनी या वस्तीची माणसं वेगळी मोजणंच सोडून दिलं. टिल्डन बेंडमध्ये डोकी किती, हे छातीठोक सांगणारी एकच व्यक्ती उरली, ती लोरीन. तीही वर्षातून एकदाच सांगायची, एप्रिलमध्ये, माळ जाळायच्या दिवशी.

माळ जाळावाच लागतो. जुनं गवत जळाल्याशिवाय नवं धड फुटत नाही, आणि नवं नसलं तर उन्हाळ्यात टेक्सासची गुरं इथं चरायला येत नाहीत. ती आली नाहीत तर उरलीसुरली घरंही बंद करायची वेळ येईल. पण लोरीनच्या सासूच्या लहानपणी एकदा असं झालं, की कुणाचातरी गडी उंच गवतात दुपारची डुलकी घेत होता आणि लोकांनी काडी ओढली. त्याचं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं. दफनभूमीत त्याच्या दगडावर नुसतं 'फ्रिट्स' एवढंच आहे. त्या वर्षापासून नियम पडला. सगळ्यांनी चर्चसमोर जमायचं, एकेका घराचं नाव पुकारायचं, घरानं आपली डोकी सांगायची, आणि सगळी घरं झाल्याशिवाय काडी ओढायची नाही. नावं सासूनं लोरीनकडून तोंडपाठ करून घेतली होती, आणि एवढ्या वर्षांत ती एकदाही अडखळली नव्हती.

"डर्कसन!"

"तीन!"

तेवढ्यात तिला तो दिसला. रस्त्यापलीकडे, कुंपणाच्या तारेपाशी एफ्राइन उभा होता. टोपी काढून त्यानं दोन्ही हातांत धरली होती. डोळे झोपेनं सुजलेले, पण शर्ट धुतलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

हा एफ्राइन मूळचा ग्वाटेमालाचा. गेल्या ऑगस्टमध्ये त्यानं ओढ्यापलीकडचं हॉस्टेटलरांचं घर भाड्यानं घेतलं. शहरातल्या मांसाच्या कारखान्यात तो रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. त्याच्या कोंबड्याला मात्र दिवस-रात्र काही कळत नसे. भर दुपारी तो असा काही आरवायचा, की लोरीननं दोनदा खिडकी उघडून त्याला नको ते बोलून घेतलं होतं. ऑक्टोबरच्या सामुदायिक जेवणाला एफ्राइन मक्याच्या पानांत गुंडाळलेले तामालेस घेऊन आला. व्हर्जिलनं तीन खाल्ले आणि त्याला शेजारी बसवून गावाचा सगळा इतिहास ऐकवला. नवीन घराचं नाव त्या जेवणालाच हजेरीत घ्यायची रीत होती. रोझेलानं लोरीनला बाजूला ओढून सांगितलं, भाडेकरू आहे, दोन पगार झाले की उडेल, घाई कशाला? म्हणून लोरीननंच त्याला जाऊन सांगितलं होतं, एक हिवाळा काढ, मग घेऊ नाव. त्यानं हसून मान डोलावली होती.

आता तो तिच्याकडेच बघत होता.

"फ्रीझन!" लोरीन म्हणाली.

"पाच!"

"ओढ्याकडचे डर्कसन!"

"चार!"

राहिलं तिचं स्वतःचं घर. ती थांबली. एफ्राइनचं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं होतं, हे खरं. पण नव्या घराचं नाव जेवणाला घ्यायचं असतं, ते यायचं ऑक्टोबरात, आणि रोझेला ट्रे धरून तिच्याकडे बघत होती. शिवाय ड्वेननं मशाल उचललीसुद्धा होती.

"स्टकी," ती म्हणाली. "दोन."

मग ती नुसती उभी राहिली. पलीकडे एफ्राइननं अजून थोडी वाट पाहिली, टोपी डोक्यावर घातली आणि तो ओढ्याच्या वाटेनं परत निघाला. त्याची पाठ वळली तशी लोरीनला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. तो झाडांआड दिसेनासा होईतो ती गप्पच होती.

"आई!"

"एकोणीस," ती म्हणाली. "सगळे आलेत. पेटव."

सुरुवात नेहमीसारखीच झाली. ड्वेननं काउंटीच्या आगवाल्यांना फोन करून कळवलं. वारा जिकडे जात होता त्या बाजूला, रस्त्याच्या कडेनं आधी एक पट्टा जाळून काळा केला, म्हणजे मोठी आग तिथं आली की तिला खायला काही उरणार नाही. मग दक्षिणेकडून मुख्य आग लावली. उंच गवत तडतडत पेटत गेलं, धूर उत्तरेकडे ओणवा झाला, आणि चर्चच्या अंगणात बायकांनी टेबलावरची फडकी काढली. लोरीन आंबटगोड रुबार्बचं सारण भरलेला गोड 'पाय' कापायला बसली.

पहिल्यांदा झेंडा खाली पडला. खांबाला चिकटून नुसता लोंबत राहिला. व्हर्जिलनं तोंडातला घास तसाच ठेवून वर बघितलं.

"हे काही मला आवडलं नाही," तो म्हणाला.

मग झेंडा उठला, तो पूर्वेकडे. टेबलावरचे कागदी रुमाल उडाले. माळावर आगीची जी बाजू आतापर्यंत रांगत होती ती उभी राहिली आणि ओढ्याकडे धावू लागली.

"आला वारा. भर दुपारी आला," व्हर्जिल म्हणाला.

"येऊ दे," रोझेला रुमाल गोळा करत म्हणाली. "त्या बाजूला आहे काय जळायला? हॉस्टेटलरांचं रिकामं घर. त्या सीडरच्या झाडांची ब्याद गेली तर बरंच."

लोरीनच्या हातातली सुरी थांबली.

"रिकामं नाही ते."

"अगं, हॉस्टेटलरांची म्हातारी जाऊन चार वर्षं झाली."

"रोझेला, तिथं एफ्राइन राहतो!"

रोझेलाचं तोंड उघडं राहिलं. मग ती म्हणाली, "तो कामावर गेला असेल."

"रात्री जातो कामाला. दिवसा झोपतो. फोन लाव त्याला. कुणाकडे आहे नंबर?"

एवढी माणसं अंगणात होती, पण नंबर एकाकडेही नव्हता. लोरीननं व्हर्जिलच्या मांडीवरचा वॉकीटॉकी हिसकावून घेतला.

"ड्वेन, हॉस्टेटलरांच्या घरात माणूस आहे."

आधी नुसती खरखर आली. मग ड्वेनचा आवाज, धापा टाकत, "कोण माणूस? सगळे आलेत म्हणालीस ना?"

तिनं वॉकीटॉकी टेबलावर टाकला. सगळ्यांत जवळ व्हर्जिलचा जुना पिकअप होता, किल्ली नेहमीप्रमाणे आतच.

"लोरीन, वेड लागलंय का? त्याचे ब्रेक धड नाहीत!" मागून व्हर्जिल ओरडला.

"मला थांबायचंय कुठं?" ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

काळ्या पट्ट्यापाशी हॉस्टेटलरांच्या घराचा फाटा होता. तिथून आत वळली तेव्हा उजव्या हाताला आग दिसत होती, पण लांब होती. ओढ्याच्या उतारापर्यंत ती लांब राहिली नाही. धूर काचेवर येऊन आदळायला लागला. दिवे लावून काही उपयोग होईना. लोरीननं हॉर्नवर तळहात दाबला तो उचललाच नाही. उठ रे बाबा, ती मोठ्यानं म्हणत होती, उठ, उठ. आयुष्यात इतकी घाबरल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि त्या भीतीतही मन एकच चाळा करत होतं. दुपारी तो जागा होता, त्यानं गर्दी बघितली, म्हणजे त्याला ठाऊक असणार, तो निघाला असणार. पुढच्याच क्षणी दारात उभी असलेली त्याची लाल गाडी धुरातून पुढ्यात आली.

तिनं दार मुठींनी बडवलं. मग लाथ मारली. दार उघडंच होतं. आत पलंगावर एफ्राइन अंग मुडपून झोपला होता, खिडकीवर काळं पांघरूण ठोकलेलं, कानांत बोळे. धुतलेला शर्ट खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवला होता. तिनं त्याचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

"आग! चल! आधी चल!"

तो उठला तो समजून उठला. जाग येताच कामाला लागायची सवय असलेली माणसं एका हाकेत समजतात. पण अंगणात आल्यावर तो गाडीकडे यायचं सोडून घरामागं धावला.

"एफ्राइन!"

"कोंबड्या!"

"मरू देत त्या कोंबड्या!"

तोवर सीडरचं पहिलं झाड पेटलं होतं. सीडर हळूहळू जळत नाही. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदम भडकतं, आणि आवाज असा होतो, की छातीत धडकी भरावी. ठिणग्या लोरीनच्या रुमालावर पडल्या. रुमाल ओढून काढून तिनं टाकून दिला. सोडून जावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. ती तशीच गाडीचं दार धरून उभी राहिली. घरामागून पंखांची फडफड ऐकू आली आणि एफ्राइन कोंबड्या मोकळ्या सोडून, रिकाम्या हातांनी, खोकत, गाडीत येऊन आदळला.

"काळ्यात चला," तो म्हणाला. "फाट्यापाशी. तिथं आधी जाळतात, मिस्टर व्हर्जिल म्हणाले होते."

"ठाऊक आहे मला!"

परतीच्या वाटेवर आग उजवीकडची डावीकडे आली होती आणि मधली जागा भराभर कमी होत होती. शेवटच्या वळणावर गवताचा जळता झुपका बॉनेटवर पडला. लोरीननं डोळे किलकिले करून नुसती वाट धरून ठेवली. चाकं काळ्या पट्ट्यावर आली, खाली राख उडाली, आणि मागं, ज्या वाटेनं ते आले होते त्या वाटेवरून, आग पलीकडे गेली.

तिनं काचा वर केल्या. दोघंही खोकत बसले. समोर काही दिसत नव्हतं, फक्त करड्या धुरात मधूनच तांबडं दिसायचं.

"इतका हॉर्न वाजवला," ती म्हणाली. तिचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. "ऐकू नाही आला?"

"कानांत बोळे घालतो, मिस लोरीन. तो कोंबडा दुपारी झोपू देत नाही."

तिला हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायचं सोडून ती त्याच्यावरच रागावली. राग सोपा होता.

"पण दुपारी जागा होतास ना तू? चर्चपाशी आला होतास. एवढी माणसं जमलेली बघितलीस, टाकीची गाडी बघितलीस, आणि घरी जाऊन खुशाल झोपलास?"

एफ्राइन तिच्याकडे वळला. त्याच्या गालावर काजळीचा पट्टा होता.

"तुम्ही बघितलंत मला," तो म्हणाला.

लोरीननं नजर काचेकडे वळवली.

"मिस्टर व्हर्जिलनी जेवणाला सांगितलं होतं. सगळ्यांची नावं झाल्याशिवाय इथं कुणी काडी ओढत नाही. कधीच नाही, म्हणाले. आणि तुम्ही म्हणाला होतात, एक हिवाळा काढ." तो शब्द जुळवत, सावकाश सांगत होता आणि त्याच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. "हिवाळा काढला. म्हणून आज आलो. तुम्ही शेवटी थांबलात, पुढं काही म्हणाला नाहीत. मला वाटलं, आज हजेरी पुरी झाली नाही. माझं नाव राहिलंय. म्हणजे उद्या घेतील. आज काही पेटवायचे नाहीत."

त्यानं खांदे किंचित उडवले.

"म्हणून झोपलो."

लोरीननं त्याच्याकडे बघितलं आणि तिला बघवेना. गावात एकोणीस माणसं होती, आणि त्या नियमावर इतका भरवसा त्यांच्यापैकी कुणी ठेवला असता की नाही, कोण जाणे. तिनं स्वतः तरी ठेवला नसता. तिनं धूर हुंगला असता, कुंपणावरून चार शिव्या घातल्या असत्या आणि गाडी काढून निघून गेली असती.

वारा पुढं गेला तसा धूर विरळ झाला. ओढ्याकडून टाकीच्या गाडीचा आवाज आला. घराचं पत्र्याचं छप्पर दिसलं, आणि पाण्याचा फवारा. पुढचा लाकडी ओटा गेला होता, कोंबड्यांचं खुराडं गेलं होतं, घर मात्र उभं होतं. थोड्या वेळानं ड्वेन वाटेनं चालत त्यांच्याकडे आला. भुवया होरपळल्या होत्या. त्यानं आधी आईच्या बाजूचं दार उघडून तिला आपादमस्तक न्याहाळलं, मग गाडीला वळसा घालून एफ्राइनच्या बाजूला गेला. रस्त्यावरून रोझेला आणि बाकीचे लगबगीनं येत होते.

"जिवंत आहेस ना, बाबा?" ड्वेन म्हणाला.

"आहे."

"मग उत्तम." ड्वेननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सुटका झालेल्या माणसाचा मोकळेपणा त्याच्या आवाजात होता. "रात्रपाळी म्हणजे असंच. झोप लागली असेल, कळलं नसेल. होतं असं. पुढच्या खेपेला जरा आमच्याकडे लक्ष ठेव म्हणजे झालं."

रोझेला येऊन पोचली होती. ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "अरे, आम्हाला काय माहीत तू घरात आहेस ते? निदान एकदा येऊन तोंड दाखवायचंस."

एफ्राइननं लोरीनकडे एकदा बघितलं. मग त्यानं टोपीसाठी डोक्याकडे हात नेला. टोपी नव्हती, म्हणून हात परत खाली घेतला.

"हो," तो ड्वेनला म्हणाला. "झोप लागली. माझी चूक झाली. माझ्यामुळे तुमचं काम थांबलं."

"छे, छे. सोड आता," ड्वेन म्हणाला.

आणि सगळं मिटलं होतं. रोझेलानं पाण्याची बाटली पुढं केली, कुणीतरी एफ्राइनच्या पाठीवर थाप मारली, डर्कसनांपैकी कुणीतरी ओट्यासाठी लाकडं देतो म्हणालं. लोरीन स्टिअरिंगमागं बसली होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं. पुढंही विचारणार नव्हतं. तोंड मिटून घरी जायचं, एवढंच तिला करायचं होतं.

तिनं दार उघडलं आणि राखेत पाय ठेवला.

"तो खोटं बोलतोय, ड्वेन."

सगळे तिच्याकडे वळले. एफ्राइननं मान हलवली, नको, अशी.

"आला होता तो," लोरीन म्हणाली. "चांगला शर्ट घालून आला होता. रस्त्यापलीकडे उभा होता. मी त्याला बघितलं, तो जाईपर्यंत थांबले, आणि मग पेटव म्हणाले."

रोझेलाच्या हातातली बाटली तशीच पुढं राहिली. ड्वेनचा हात अजून एफ्राइनच्या खांद्यावर होता. त्यानं तो काढला नाही, पण आईच्या नजरेला नजर द्यायला त्याला बराच वेळ लागला.